अप-डाऊनच्या गाडीत भीड चेपली

लग्नानंतर मी लातूरहून सेलूला आले आणि जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज सेलू-जालना अप-डाऊन. घरात आणि कामावर मी मोकळी असते, पण अनोळखी माणूस समोर आला की घशाला कोरड पडायची. गाडी कोणत्या फलाटावर येणार, एवढंच विचारायचं असलं तरी वाक्य मनात घोळवत राहायची. दुकानात ‘हा नको, दुसरा रंग दाखवा’ म्हणणं जमत नव्हतं. डब्यात जागा असायची, पण ‘जरा सरकता का’ एवढं तोंडातून निघायचं नाही, म्हणून जालन्यापर्यंत उभ्यानं जायची.

सासरची माणसं चांगली आहेत. पण गावात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि तोंड शिवून बसल्यावर ते होणार तरी कसं? म्हणून ठरवून सुरुवात केली.

पहिल्यांदा फक्त बायकांशी, आणि एका शब्दात उत्तर मिळेल असंच विचारायचं. “काकू, परतूर गेलं का?” “मावशी, हा डबा लेडीजच ना?” उत्तर आलं की माझं काम संपलं. पुढं बोलणं वाढवायचं ओझं मी मुद्दाम घेतलं नाही, म्हणूनच ते रोज जमत गेलं. छातीत धडधडायचं. ती धडधड थांबण्याची वाट पाहायची नाही, ती चालू असतानाच तोंड उघडायचं, एवढं मी पक्कं केलं. हळूहळू असं झालं की प्रश्न विचारेपर्यंत धडधडायचं आणि समोरून उत्तर आलं की उतरायचं. मग विचारण्याआधीचा तो वेळही आखडत गेला.

उत्तरावर आणखी एक वाक्य बोलायचं, ही त्याच्या पुढची पायरी. ती मला क्रॉसिंगनं शिकवली. आमचा मार्ग एकेरी. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी रांजणीसारख्या छोट्या स्टेशनात उभी राहते. किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी डबा आपोआप बोलायला लागतो.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. शेजारी एक म्हातारे शेतकरी पायाशी पिशवी धरून बसले होते. मी विचारलं, “मामा, मोसंबी का?”

“व्हय माय. खाती का एखादं?”

त्यांनी नखानं साल सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि आपणहून बागेचं सांगायला लागले. आंबे बहार, म्हणजे मोसंबीला आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणारा फुलोरा, धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळायला लागली की नवा माणूस घाबरतो आणि घाईनं पाणी सोडतो, मग फूल एकदम लागत नाही. ताण जास्त झाला तर झाडच बसतं. “झाडाकडं रोज बघावं लागतं,” म्हणाले. मी बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, उगवणशक्ती तपासते, पण उभ्या झाडाचं हे गणित मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या वेळात मी बोलले ते ‘मग?’ आणि ‘कामून बरं?’ एवढंच. माणसाला त्याच्या रोजच्या कामाचं विचारलं की तो भरभरून बोलतो, हे मला तिथं कळलं. तेव्हापासून काय बोलावं ही चिंता बरीच मिटली.

आपल्या मराठवाड्यात ओळखीची सुरुवात ठरलेली आहे: “कुठं जायलाव? गाव कोणतं?” मला हे फार आवडतं. गावाचं नाव निघालं की कुणाची तरी मावशी, कुणाची सोयरीक, कुणाची बदली तिथं निघतेच. पण त्याच्या मागोमाग “आडनाव काय?” येतं, तिथं मला बोचतं. पुष्कळदा ते जात चाचपण्यासाठी असतं. उत्तर ऐकून चेहरा बदललेला, बोलणं तुटलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मी कुणालाही आडनाव विचारत नाही. मला विचारलं तर पहिलं नाव सांगते आणि पुन्हा गावाकडं वळते. अनोळखी माणसाशी बोलायचं ते त्याला जातीच्या खान्यात टाकण्यासाठी असेल, तर न बोललेलं बरं.

त्या मामांसारखे म्हातारे सोडले तर पुरुषांशी बोलायला बराच उशीर लागला. त्याचे माझे नियम आहेत: भरल्या डब्यात, दिवसाउजेडी, आणि रोज कोणत्या गाडीनं जाते ते सांगायचं नाही. बोलणं नको त्या बाजूला गेलं तर उठून बायकांजवळ बसायचं. तिथं भीड धरायची नाही. हे जमायला लागलं तेव्हाच मला खरा धीर आला, कारण बोलणं सुरू करण्याइतकंच ते तोडणंही आपल्या हातात असावं लागतं.

पुढं निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या २०१४ सालच्या अभ्यासाबद्दल वाचलं. शिकागोच्या लोकल प्रवाशांपैकी काहींना त्यांनी शेजारच्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. पण दुसऱ्या काही प्रवाशांना नुसता अंदाज विचारला, तेव्हा त्यांना एकटं बसणंच बरं वाटेल असं वाटत होतं. समोरच्याला आपल्याशी बोलायचंच नाही, अशी जो तो समजूत करून घेतो. वाचताना माझं उभ्यानं जालना गाठणं आठवलं. त्या सरकायला तयार असलेल्या बायकांना मी कधी विचारलंच नव्हतं.

आता डब्यात माझ्या ओळखी आहेत. परतूरला उतरणाऱ्या एक ताई परतीच्या गाडीत माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरतात. फोनवर मात्र अजून अडखळते. समोर चेहरा नसला की पुढच्याला आपलं बोलणं रुचतंय का, ते कळत नाही. म्हणून सध्या किराणा सामानाची यादी व्हॉट्सॲपवर न टाकता दुकानात फोन करून सांगते.