दत्ताचा हात आणि लाओकूनचा हात

मालवणच्या उत्तरेला एका खाडीच्या मुखाशी आमची वाडी आहे आणि वाडीत दत्ताचे एक लहानसे मंदिर आहे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलांचे आणि आत जयपूरहून आणलेली अडीच फुटांची संगमरवरी मूर्ती. मी सातवीत होतो त्या वर्षी, मिरगाच्या आधी कौले परतण्याचे काम चालू असताना एक वासा निसटून खाली आला आणि दत्ताच्या सहा हातांपैकी त्रिशूळ धरलेला हात मनगटापासून तुटला. मे महिन्यात गावी आलेल्या एका चाकरमान्याने तो चिकटवून घेऊ, सांधा दिसणारसुद्धा नाही, असे सुचवले. माझे आजोबा त्यावर एवढेच म्हणाले, "खंडित झालेलो देव पूजूक चलणा नाय." भटजींनी कलाकर्षणाचा विधी करून मूर्तीतील देवत्व कलशातील पाण्यात घेतले, मूर्ती पंच्यात गुंडाळून होडीत ठेवण्यात आली आणि खाडीचे तोंड ओलांडून गेल्यावर ती खोल पाण्यात सोडून देण्यात आली. तुटलेला हातही तिच्याबरोबर गेला. मी त्या होडीत होतो.

पुढे मालवाहू जहाजांवर नोकरी लागली आणि भूमध्य समुद्रातील बंदरे पाहण्याचा योग अनेकदा आला. मरीना दी करारा या इटलीतील बंदरात शिरताना मागचे डोंगर बर्फाने झाकल्यासारखे दिसतात. ते बर्फ नसून संगमरवराच्या खाणी असतात. जहाजावर खोलीएवढे पांढरे ठोकळे चढताना तेथे मी पाहिले आहेत. सुट्टी मिळाली की सोबतचे लोक बाजारात जात आणि मी एखाद्या संग्रहालयात. ज्या मूर्तींची नावे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला ऐकली होती, त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा प्रत्येक वेळी माझी नजर आधी तुटलेल्या जागेकडे गेली. ही खोड त्या होडीतली आहे.

हातच का तुटतात, याचे उत्तर दगडात आहे. संगमरवर दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. अंगापासून लांब काढलेला हात स्वतःच्या वजनानेच खांद्याशी ताणला जातो आणि जरा धक्का बसला की तेथेच जातो. कांस्याच्या मूर्तीला ही अडचण नसते, म्हणून ग्रीकांच्या कांस्यमूर्तींच्या प्रतिकृती रोमन कारागिरांनी संगमरवरात केल्या, तेव्हा पायाशी झाडाचा बुंधा आणि हात व कंबर यांच्यामध्ये दगडाची एखादी काडी त्यांना ठेवावी लागली. मायकेलँजेलोच्या डेव्हिडच्या उजव्या पायामागेही असा बुंधा आहेच. जयपूरचे मूर्तिकारही देवाचा हात आणि धड यांच्यामध्ये दगडाचा दुवा ठेवतात, परंतु सहा हातांच्या दत्ताला दुवे तरी किती ठेवणार!

तुटलेल्या हाताची सर्वांत नवलाची कथा लाओकूनची आहे. ट्रॉयच्या लाकडी घोड्यावर विश्वास ठेवू नका, असे बजावणाऱ्या या पुरोहिताला आणि त्याच्या दोन मुलांना समुद्रातून आलेल्या सापांनी विळखे घातले, तो क्षण या शिल्पात आहे. ऱ्होड्‌स बेटावरील हागेसँडर, पॉलिडोरस आणि अथेनोडोरस या तिघांनी ते घडवल्याचे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले होते. ते एकाच दगडातून कोरले आहे, असेही त्याने लिहिले. प्रत्यक्षात त्यात अनेक तुकडे जोडलेले आहेत, आणि ते इतक्या बेमालूम जोडले आहेत की प्लिनीची चूक मला क्षम्य वाटते. १४ जानेवारी १५०६ रोजी रोममधील एका द्राक्षमळ्यात खणताना हे शिल्प सापडले. बातमी कळताच पोपने वास्तुविशारद जुलियानो दा सांगालो याला पाठवले, त्याच्याबरोबर मायकेलँजेलोही गेला आणि खड्ड्यात डोकावताच सांगालोने ते प्लिनीचे लाओकून असल्याचे ओळखले. त्या दिवशी बापाबरोबर तेथे गेलेल्या सांगालोच्या लहान मुलाने ही हकिगत साठ वर्षांनंतर एका पत्रात लिहिली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

मूर्ती सापडली, पण लाओकूनचा उजवा हात सापडला नाही. हात कसा असावा यावर वाद झाले. तो मागे डोक्याकडे मुडपलेला असला पाहिजे, असे मायकेलँजेलोचे मत होते, असे सांगतात. ते मानले गेले नाही आणि १५३२ च्या सुमारास माँतोर्सोली या शिल्पकाराने आकाशाकडे ताठ ताणलेला हात बसवला. पुढे कित्येक पिढ्यांनी हाच ताठ हात पाहिला, त्याची चित्रे काढली आणि त्याच्या आवेशाची वाखाणणी केली. मग १९०६ मध्ये लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममधील एका पाथरवटाच्या दुकानात संगमरवरी हाताचा एक तुकडा दिसला. तो मुडपलेला होता. पोलाकने तो व्हॅटिकनला दिला आणि तेथे तो पन्नासएक वर्षे वेगळाच राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली, हातातील आणि खांद्यातील भोके एकमेकांसमोर आली, जुना ताठ हात काढण्यात आला आणि मुडपलेला हात आपल्या जागी बसला. पोलाक मात्र ते पाहायला उरला नव्हता. ज्यू असल्यामुळे त्याला १९४३ मध्ये कुटुंबासह ऑश्विट्‌झला नेण्यात आले आणि तेथून तो परतला नाही.

हात बदलताच शिल्पाचा अर्थही बदलला. ताठ हाताचा लाओकून झुंज देणारा वीर वाटे. मुडपलेल्या हाताचा लाओकून सापाच्या पकडीत आक्रसत चाललेला बाप आहे. जोडलेला हात चुकीचा असू शकतो, हे कळल्यावर त्या चाकरमान्याच्या सूचनेकडे मी थोडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो, जरी आमच्याकडे मूळ हात शाबूत होता.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मिलोच्या व्हीनसचे हात कोणीच जोडले नाहीत. १८२० मध्ये मिलोस बेटावर एका शेतकऱ्याला ती सापडली आणि पुढच्या वर्षी राजा अठराव्या लुईने ती लूव्रला दिली. तिच्याबरोबर मिळालेल्या बैठकीच्या तुकड्यावर अँटिओकच्या अलेक्झांड्रोस या अप्रसिद्ध शिल्पकाराचे नाव होते. मूर्ती प्रॅक्सिटेलिससारख्या जुन्या नामवंताच्या काळातील ठरावी, अशी तेथील विद्वानांची इच्छा होती, आणि तो तुकडा नंतर हरवला. हरवला हे क्रियापद येथे फार सौम्य आहे, असे मला वाटते.

त्याच संग्रहालयाच्या जिन्यावर समोथ्रेस या ग्रीक बेटावरची नाइकी, म्हणजे विजयदेवता, उभी आहे. कोकणातल्या माणसाने पॅरिसमध्ये एकच मूर्ती पाहायची असेल, तर ती हीच पाहावी. ती उभी आहे गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. नाळ करड्या दगडाची आणि देवता पारोस बेटाच्या पांढऱ्या संगमरवराची. समोरून येणारा वारा आणि पाण्याचे तुषार यांनी वस्त्र पोटाला आणि मांड्यांना असे चिकटले आहे की, पावसाळ्याच्या तोंडावर होडीच्या नाळेवर उभे राहिलेल्या कोणालाही ते वस्त्र अंगावर जाणवेल. १८६३ मध्ये शार्ल शाँपुआझो या फ्रेंच मुत्सद्द्याला ती तुकड्यांच्या रूपात सापडली. डोके आणि हात नव्हते. उजवा पंख बव्हंशी प्लास्टरचा आहे, डाव्या पंखावरून उलटा करून घेतलेला. १९५० मध्ये उजव्या हाताचा पंजा मिळाला, त्याची काही बोटे व्हिएन्नाच्या संग्रहालयात होती असे आढळले, आणि आता तो पंजा मूर्तीजवळच एका काचपेटीत ठेवला आहे. पंजा आणि खांदा यांच्यामधला हात नसल्यामुळे तो जोडता येत नाही.

जोडावे की जोडू नये, यावर युरोपातही एकमत नव्हते. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे नेली आणि १८०३ मध्ये त्यांची डागडुजी करण्याविषयी आंतोनिओ कानोव्हा या इटालियन शिल्पकाराला विचारले, तेव्हा या शिल्पांना छिन्नी लावणे हे पाप होईल, असे म्हणून त्याने नकार दिला. उलट थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराने एजिना बेटावरील मंदिराच्या शिल्पांना नवे हात, पाय आणि डोकी बसवून दिली. म्युनिकच्या संग्रहालयात ती दीडशे वर्षांच्या आसपास तशीच होती आणि १९६० च्या दशकात ते सर्व भाग पुन्हा काढण्यात आले. मी कानोव्हाच्या बाजूचा आहे, असे बरेच दिवस समजत होतो.

ते मत पिएताने डळमळीत केले. मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी मायकेलँजेलोने १४९८-९९ मध्ये, पंचविशीही पुरी होण्याआधी कोरली. तिचे श्रेय लोक दुसऱ्याच शिल्पकाराला देताना ऐकले म्हणून रात्री येऊन त्याने मेरीच्या छातीवरील पट्ट्यावर आपले नाव कोरले, अशी कथा त्याचा चरित्रकार व्हासारी याने दिली आहे. २१ मे १९७२ रोजी लाझ्लो टोथ नावाच्या माणसाने व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये कठडा ओलांडून भूगर्भतज्ज्ञांच्या हातोडीने तिच्यावर घाव घातले. मेरीचा डावा हात तुटला, नाक गेले, पापणीचा टवका उडाला, आणि उडालेले काही तुकडे गर्दीतील लोकांनी उचलून नेले. मग तीन पक्ष पडले. एक म्हणाला, मूर्ती तशीच ठेवावी, तोही आता इतिहास आहे. दुसरा म्हणाला, जोडावी, पण जोड ओळखू येईल अशी. तिसरा म्हणाला, घाव पडलाच नव्हता अशी करावी. व्हॅटिकनने तिसऱ्याचे ऐकले. जुन्या साच्यावरून घेतलेली प्रत नमुन्याला होती, तुकडे जोडण्यात आले, उणे पडले तेथे संगमरवराची पूड भरली आणि सुमारे दहा महिन्यांनी मूर्ती काचेआड पुन्हा दिसू लागली.

संग्रहालयात व्हीनस हातांविना उभी राहू शकते, कारण तिच्यापुढे कोणी गुडघे टेकत नाही. पिएता अजून प्रार्थनास्थळात आहे आणि तिच्यापुढे मेणबत्त्या लावून आलेल्या माणसाला तुटलेल्या नाकाची मेरी दाखवणे व्हॅटिकनला मान्य झाले नाही. त्यांच्यापुढे आणि आमच्या भटजींपुढे एकच अडचण होती. त्यांनी सांधा लपवला, आम्ही मूर्तीच पाण्याला दिली. आमच्याकडेही याला अपवाद आहेच. रानात सापडलेल्या स्वयंभू पाषाणावर कोयत्याचा घाव असला, तरी तो खंडित मानत नाहीत. घावाचीच कथा होते आणि पूजा सुरू राहते. जयपूरच्या दत्ताला ती सवलत मिळाली नाही.

पाण्यात मूर्ती सोडली म्हणजे ती नाहीशी झाली, असे मी लहानपणी समजत होतो. वस्तुतः संगमरवर नाहीसा होतो तो भट्टीत. तो मुळात चुनखडीच, आमच्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत, त्याच जातीचा पदार्थ. मध्ययुगात रोममधील असंख्य जुन्या मूर्ती फोडून चुनाभट्टीत घालण्यात आल्या आणि त्यांचा चुना भिंतींना लागला. वाचल्या त्या बव्हंशी मातीखाली गाडल्या गेलेल्या आणि समुद्रात बुडालेल्या.

समुद्रातल्या मूर्ती मी अथेन्सला पाहिल्या. १९०० मध्ये स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबले होते. त्यांच्यापैकी एलियास स्टाडिआटिस खाली उतरला आणि घाबरून वर आला. तळाशी माणसांची आणि घोड्यांची कुजकी प्रेते पडली आहेत, असे त्याने सांगितले. त्या होत्या दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या एका जहाजावरील मूर्ती. त्यातील एका पोरसवदा मल्लाच्या मूर्तीसमोर मी बराच वेळ थांबलो. त्याचा जो भाग वाळूत रुतला होता, तो आजही काल घासून ठेवल्यासारखा तुळतुळीत आहे. जो भाग पाण्यात उघडा राहिला, तो दगड पोखरणाऱ्या समुद्रजीवांनी चाळणीसारखा खाऊन टाकला आहे. एकाच चेहऱ्यावर दोन्ही दिसते.

त्यानंतर गावी आलो तेव्हा आमची मूर्ती सोडणाऱ्या तांडेलाला मी विचारले की तेथे तळ कसा आहे. वाळू आहे, असे तो म्हणाला, मऊ वाळू. पण मूर्ती कोणत्या कुशीवर पडली, हे होडीतल्या कोणालाच दिसले नव्हते.