‘विभाग क्रमांक’ या दोन शब्दांपाशी गेलेले चार दिवस

आमच्या गटाचे सर्व तांत्रिक दस्तऐवज मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर, आहेत. त्यांतून एआय एजंटला (टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, वापरून काम करणाऱ्या भाषा-मॉडेलला) उत्तरे शोधता यावीत म्हणून मी तीन टूल्स तयार केली: एक विकीत शोध घेणारे, दुसरे पानातील विभागांची यादी देणारे आणि तिसरे मागितलेला विभाग किंवा पूर्ण पान वाचून देणारे. कोड एका दुपारी लिहून झाला आणि तो पहिल्याच दिवशी नीट चालला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. त्यानंतरचे चार दिवस मात्र तिसऱ्या टूलच्या वर्णनातील एका ओळीने घेतले, आणि त्याची चीड अजून पूर्ण गेलेली नाही.

ती ओळ अशी होती: ‘विभाग: वाचायच्या विभागाचा क्रमांक.’ वाचणाऱ्या माणसाला त्यात काही खटकत नाही. मलाही खटकले नव्हते. एजंटला सर्व्हर पुन्हा उभा करण्याची पद्धत विचारली, तेव्हा त्याने योग्य पान शोधले, विभागांची यादी मागवली, त्यातून ‘पुनर्स्थापना’ हा योग्य मथळा निवडला आणि उत्तर मात्र साप्ताहिक बॅकअपविषयी दिले. उत्तराची भाषा ठाम होती आणि खाली पानाचा दुवाही बरोबर होता. चूक मॉडेलची आहे असे समजून मी मूळ प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या लेखी सूचना) दोनदा बदलला, ‘विभाग काळजीपूर्वक वाचा’ अशी सूचना घातली, मॉडेलही बदलून पाहिले. दुसऱ्या मॉडेलने नेमके तेच केले, तेव्हा कुठे मी टूलला पाठवलेल्या विनंत्यांचा लॉग ओळीओळीने वाचायला बसले.

मीडियाविकी विभागांची यादी देताना प्रत्येक विभागासोबत दोन वेगळ्या संख्या देते. एक असते मथळ्यापुढे अनुक्रमणिकेत दिसणारी, म्हणजे १, १.१, १.२, २, ३ अशी. दुसरी असते इंडेक्स, जी सर्व मथळे, उपविभागांसह, वरून खाली सरळ मोजते. ‘बॅकअप’ हा पहिला विभाग, त्याखाली ‘दैनिक’ आणि ‘साप्ताहिक’ हे उपविभाग, मग ‘तपासणी’ आणि मग ‘पुनर्स्थापना’ अशी रचना असेल, तर पुनर्स्थापनेच्या मथळ्यापुढे ३ असतो, पण तिचा इंडेक्स ५ असतो. इंडेक्स ३ म्हणजे ‘साप्ताहिक’. विभाग मागताना एपीआयला (प्रोग्राम ज्या मार्गाने मीडियाविकीकडे मजकूर मागतात त्याला) इंडेक्स हवा असतो. माझ्या वर्णनात नुसता ‘क्रमांक’ लिहिलेला होता आणि माझ्या टूलच्या यादीत दोन्ही संख्या शेजारीशेजारी होत्या, तेव्हा एजंटने मथळ्याचा क्रमांक उचलला यात त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याने ‘१.२’ पाठवले असते तर एपीआयने विनंती नाकारली असती आणि मला पहिल्याच दिवशी कळले असते. ३ ही संख्या मात्र दोन्हीकडे वैध असल्यामुळे कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचा मजकूर परत येत राहिला. चाचणीसाठी मी निवडलेल्या पानांवर उपविभागच नव्हते. तिथे दोन्ही संख्या सारख्याच येतात, त्यामुळे चाचण्या निर्विघ्न पार पडत होत्या.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पॅरामीटरचे (टूलला पुरवायच्या माहितीच्या रकान्याचे) नाव ‘विभाग’ ऐवजी ‘विभाग_इंडेक्स’ केले आणि वर्णनात लिहिले: ‘ही संख्या विभाग-यादीतील इंडेक्स या रकान्यातूनच घ्यावी. पानाचा प्रास्ताविक भाग हवा असल्यास ० द्यावा.’ मथळ्यापुढचा क्रमांक यादीतून काढूनच टाकला, कारण मॉडेलला जी संख्या वापरायची नाही ती दाखवण्यात काही अर्थ नाही. याशिवाय परत येणाऱ्या मजकुराच्या सुरुवातीला विभागाचा मथळा ठेवला, म्हणजे चुकीचा विभाग आल्यास एजंटला स्वतःलाच ते दिसते. मला सर्वांत जास्त समाधान या शेवटच्या बदलाचे आहे.

हे आधी सांगायला हवे होते: मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची माहिती, एवढेच. म्हणून प्रत्येक पॅरामीटरचे मूल्य कोणत्या टूलच्या कोणत्या रकान्यातून येते, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. पान वाचण्याच्या टूलमध्ये शीर्षक ‘शोधाच्या निकालात आले तसेच’ द्यावे, असे लिहिल्यावर एजंटचे शीर्षकाचा अंदाज बांधणे जवळजवळ थांबले.

शोधाच्या टूलबाबतही एक गोष्ट राहिली. मीडियाविकीचा शोध वेगळे न सांगितल्यास फक्त मुख्य नामविश्वात (विकीच्या नेहमीच्या लेखपानांच्या गटात) होतो आणि १० निकाल देतो. हे वर्णनात नसेल, तर चर्चापानावर असलेली माहिती न सापडल्यावर एजंट ती विकीवर नाहीच असे उत्तर देतो. पुनर्निर्देशने (एका शीर्षकावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी पाने) टूलनेच पार करावीत. निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या विषयांचे दुवे देणारे पान) आल्यास ते उत्तर नसून पर्यायांची यादी आहे, असे वर्णनात सांगावे.

साच्यांतून (इतर पानांत आपोआप घातल्या जाणाऱ्या तयार मजकुरातून) येणारे विभाग अजून बाकी आहेत. त्यांचा इंडेक्स ‘टी-१’ असा येतो आणि माझे टूल केवळ पूर्णांक स्वीकारते. सध्या ते विभाग मी यादीतून वगळले असून, ‘साच्यांतील विभाग या यादीत नाहीत, ते हवे असल्यास पूर्ण पान वाचावे’ असे वाक्य यादीच्या टूलच्या वर्णनात घातले आहे.