साठपैकी साठ

आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात पुठ्ठ्याच्या ५०० चकत्या, प्रत्येकीवर एक आकडा. एका दिवाळीच्या सुट्टीत मीच कापून, रंगवून, आकडे घालून बसवल्यात. सरासरी ५२, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) १२. डबा हलवायचा, चकती काढायची, आकडा टिपायचा, चकती परत टाकायची आणि पुन्हा हलवायचा. असं सोळा वेळा. ‘पुन्हा हलवायचा’ हे दरवर्षी घसा फोडून सांगावं लागतं, कारण मुलं वरच्यावर उचलतात.

सोळाच का, तर बाराला सोळाच्या वर्गमुळाने भागलं की बरोब्बर ३ उरतात. हा झाला स्टँडर्ड एरर, म्हणजे सोळांची सरासरी साधारण किती इकडेतिकडे हलते ते. त्याला १.९६ ने गुणलं की ५.८८. आपल्या सोळा आकड्यांची सरासरी काढायची, तिच्या अलीकडे-पलीकडे ५.८८ जायचं, की झाला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल: असे शंभर काढले तर साधारण ९५ खऱ्या सरासरीला पकडतात. शेवटची ओळ: इंटरव्हलमध्ये ५२ आहे का? येस की नो.

‘मॅडम, एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होतं की हे,’ असं आमच्या स्टाफरूममध्ये मला दर वर्षी ऐकवलं जातं. होतं ना. पण गिनेस ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला तो प्रसिद्ध पेपर लिहिला, तेव्हा त्यानेही पुठ्ठाच पिसला होता. ३००० गुन्हेगारांची मापं तुकड्यांवर लिहिली, पिसली आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. सॅम्पल बदललं की सरासरी हलते, हे हाताला कळावं लागतं. स्क्रीनवर ते नुसतं दिसतं.

तर यंदाची गोष्ट. वीस-वीसच्या तीन बॅचेस, साठ जर्नलं. रविवारी तपासायला घरी आणली होती. सह्या करताना माझा हात आपोआप चालतो, पण चाळिसाव्या जर्नलपाशी काहीतरी खटकलं. अजून एकही ‘नो’ आलेला नव्हता. पुढची वीसही पाहिली. साठच्या साठ ‘येस’.

साठात साधारण तिघांचा इंटरव्हल ५२ ला चुकवणार, हीच तर ९५ टक्क्यांची बोली. कॅल्क्युलेटर काढून ०.९५ चा साठावा घात केला: ०.०४६. म्हणजे कुणीही लबाडी न करता असं घडायची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली. शक्यता पाच टक्क्यांखाली गेली की संशय घ्यायचा, या मीच शिकवलेल्या नियमाने माझा अख्खा वर्ग संशयित ठरत होता. पण साधारण बावीस वर्षांत एकदा हे प्रामाणिकपणेही घडेल. आणि मला शिकवायला लागून बाविसावं वर्ष आहे. मागच्या वर्षांचे ‘नो’ मी कधी मोजलेच नव्हते.

मग ग्राफपेपर घेतला आणि साठही सरासऱ्या मांडल्या. मधे ठीक होतं, ५२ च्या आसपास छान उंचवटा. टोकं मात्र कात्रीने कापल्यासारखी. ५७.८८ च्या पुढे कुणी नाही, ४६.१२ च्या मागे कुणी नाही. आणि ५७ ते ५७.८८ या चिंचोळ्या पट्टीत, जिथे दीड जण अपेक्षित, तिथे पाच जण दाटीवाटीने उभे. सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन, म्हणजे अशा सरासऱ्यांचा पसारा, असं कुंपणाला टेकून उभं राहत नाही.

त्यांतलं एक जर्नल तर बघत राहावं असं होतं. सरासरी ५७.८७५. इंटरव्हल ५१.९९५ पासून ६३.७५५. पाच हजारांशांनी ५२ आत!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना कच्च्या वह्या आणायला सांगितल्या. निम्म्यांच्या ‘हरवल्या’. जिचं ते ५१.९९५ होतं, तिने मात्र आणली. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी. कच्च्या वहीत बेरीज ९४६, जर्नलमध्ये ९२६. ७१ चे ६१ झाले होते आणि ७४ चे ६४.

‘हे काय गं?’

‘मॅडम, माझं आधी चुकलं होतं.’

‘काय चुकलं होतं?’

‘बावन्न येत नव्हतं.’

मी खरी बेरीज तिच्यासमोर केली. ९४६ भागिले १६, ५९.१२५. इंटरव्हल ५३.२४५ पासून पुढे. एकही चूक नव्हती. तिने सोळा वेळा डबा हलवला होता (मला खात्री आहे, ती हलवणाऱ्यांतली आहे) आणि तिच्या वाट्याला मोठे आकडे आले होते, एवढंच. पद्धत चालतेय याचा पुरावा तिच्या कच्च्या वहीत होता आणि तिने तो खोडून काढला होता. का, तर उत्तराखाली ‘नो’ लिहिलं की मार्क जातात. हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही आणि सगळ्यांनीच. शाळेपासून प्रयोगाचं उत्तर आधी ठरलेलं असतं आणि निरीक्षणं मागून येतात. बाहेरून येणारे परीक्षक जर्नल शेवटच्या ओळीपासून उघडतात. आणि ५२ हा आकडा पहिल्याच मिनिटाला फळ्यावर मोठ्ठा लिहून, चौकट करून ठेवणारी मी.

१९३४ मध्ये नेमन या संख्याशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे कॉन्फिडन्स इंटरव्हलची ही कल्पना मांडली, तेव्हा तिथले दुसरे संख्याशास्त्रज्ञ बाउली यांनी शंका काढली होती की हा ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे कॉन्फिडन्स ट्रिक, विश्वासात घेऊन केलेली फसवणूक, तर नव्हे. आपल्या मराठीत ते आणखी चपखल बसतं: विश्वास की विश्वासघात. बाजारातली गाइडं आजही बिनदिक्कत छापतात की ‘५२ या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’. अहो, ५२ कुठे जातंय? ते डब्यात आहे. हलतो तो इंटरव्हल.

त्या चिंचोळ्या पट्टीतल्या बाकीच्या चौघांना मी काही विचारलं नाही. त्यांच्यातला दीड खरा असणार, पण कुठला, हे ग्राफ सांगत नाही.

तिने पान पुन्हा लिहिलं. ५३.२४५, ६५.००५, खाली ‘नो’. मी लाल पेनने सही केली. फायनल प्रॅक्टिकलला बाहेरचे सर आले, जर्नल चाळता चाळता त्या पानावर थांबले आणि ‘नो’पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून पुढे गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले तोवर ते पुढच्या जर्नलवर पोचले होते.