तबेल्यातला कोंबडा

परवा गवारी निवडत बसले होते, मोबाइलवर एक जुनी जॅझची तबकडी लावून. आतून आईची हाक आली, "अगं, कोंबडा कुठे आरवतोय?"

कोंबडा न्यूयॉर्कचा, २६ फेब्रुवारी १९१७ चा. त्या दिवशी अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्स शहराच्या पाच गोऱ्या वादकांनी, म्हणजे 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड'ने (जॅझला तेव्हा जॅसही म्हणत), व्हिक्टर कंपनीसाठी 'लिव्हरी स्टेबल ब्लूज' वाजवलं. जॅझची पहिली तबकडी म्हणतात ती हीच. लिव्हरी स्टेबल म्हणजे भाड्याच्या घोड्यांचा तबेला. मग काय, क्लॅरिनेट आरवते, कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, खिंकाळतो आणि ट्रॉम्बोन चक्क हंबरतो. एवढ्या गाजलेल्या संगीताची पहिली तबकडी म्हणजे निव्वळ टवाळी, याचं मला भारी कौतुक वाटतं.

तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला मेणावर रेघ ओढणारी सुई. ज्याचा आवाज दांडगा त्यानं मागे सरायचं, नाजूक वाद्यानं पुढे यायचं. आणि जे काही वाजवायचं ते तीनेक मिनिटांत, कारण तबकडी तिथे संपायची.

तबकडी तुफान खपली आणि भांडण लागलं. तबकडीवर नाव तबेल्याचं, कॉपीराइटच्या नोंदीत 'बार्नयार्ड ब्लूज', म्हणजे गोठ्याच्या अंगणाचं. तेवढ्यात बँडच्या जुन्या क्लॅरिनेटवाल्यानं ती चाल आपली म्हणून शिकागोत छापून घेतली. प्रकरण तिथल्या कोर्टात गेलं. हंबरण्या-खिंकाळण्यावर साक्षी झाल्या म्हणे! शेवटी न्यायाधीशांनी दोघांनाही हक्क नाकारला.

मला तो निकाल पटतो. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांनी गल्लीबोळांत, मिरवणुकांत घडवलेलं हे वादन. त्यावर पहिला शिक्का मात्र या पाच जणांचा बसला. त्या काळ्या वादकांपैकीच एक, कॉर्नेटवाला किंग ऑलिव्हर; त्याच्या बँडची तबकडी निघायला १९२३ उजाडलं. त्या वेळी त्याच बँडमधल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत, की त्याला कर्ण्यापासून पार लांब उभं केलं होतं, असं सांगतात.

आई हे सगळं ऐकत दाराशी उभी होती. म्हणाली, "ते राहू दे. पुन्हा लाव, घोडा निसटला माझा."