गाडी उलाळ झाली
भोसरीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे, गेट, ग्रिल, जिने हीच रोजची कामं. एक दिवस एक साहेब कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन आले, सिंगल एक्सलचा, म्हणजे मधे एकच आस आणि दोनच चाकं, म्हणाले मागून ओढलं की अख्खं किचन बाहेर आलं पाहिजे. मी लगेच हो म्हटलं, मोठा ड्रॉवरच तर आहे असं वाटलं.

माझं सगळं टेन्शन चॅनेलचं, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांचं. शेगडी, पाच किलोवाला सिलेंडर, सिंक, भांडी, मरीन प्लाय सगळं धरून 80 किलो भरलं, आणि ते चार फूट बाहेर लटकणार, तिथे घरातल्या किचनचे टेलिस्कोपिक चॅनेल काय टिकणार? म्हणून 227 किलो पेलणारी चॅनेलची जोडी मागवली, आत आणि बाहेर दोन्हीकडे लॉक होणारी, नाहीतर घाट चढताना आपोआप उघडायचं. सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं पाडली, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो.

ट्रायलच्या दिवशी साहेब हजर. जीप सोडवून बाजूला लावलेली, ट्रेलर पुढच्या दांडीखालच्या जॉकी व्हीलवर, म्हणजे टेकूच्या छोट्या चाकावर उभा. किचन पूर्ण ओढलं, चॅनेल सूतभर वाकलं नाही. मी एकदम खूश, म्हटलं उद्घाटनाचा चहा इथेच करू. पातेलं चढवलं, चहाला उकळी येत होती तेवढ्यात आमच्या हेल्पर पोराने पाण्याचा भरलेला 20 लिटरचा कॅन आणून पार टोकाला ठेवला.

जॉकी व्हील जमिनीवरून उठलं. दणकन नाही हो, लिफ्ट वर जावी तसं सावकाश. पातेलं घसरत निघालं, मी आधी गॅसचा नॉब बंद केला, चहा गेला साहेबांच्या बुटांवर. आमचे मिस्त्री गावाकडचे, ते ओरडले, "उलाळ झाली रे! दांडीवर चढ!" पोरगं पळत जाऊन दांडीला लोंबकळलं तेव्हा ट्रेलर खाली आला, आणि आम्ही किचन आत ढकलेपर्यंत ते तिथेच माकडासारखं.

मग मिस्त्रींनी हिशोब समजावला, म्हणाले बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उठतं, हे तेच. बाथरूमच्या वजनकाट्यावर दांडी टेकवली तर 45 किलो, एक्सलपासून आठ फुटांवर, वजन गुणिले अंतर म्हणजे 360. किचनचे 80 किलो चार फूट मागे सरकले की त्यातले 320 गेले, उरले 40. आणि 20 किलोचा कॅन साडेसात फुटांवर, म्हणजे 150, मग दांडी उठणारच. चॅनेल मी हजारदा तपासलं पण ट्रेलर कशावर उभा आहे हे एकदाही बघितलं नाही, लाज वाटली खरं सांगायचं तर.

मागच्या दोन्ही कोपऱ्यांना स्क्रूचे जॅक लावले आणि किचनच्या टोकाला एक घडीचा पाय. आता माणूस जॅक लावायला विसरणारच, म्हणून मिस्त्रींनी जुगाड केला, जॅकचं हँडल लॉकच्या खिट्टीसमोरच अडकवायची जागा केली. हँडल काढल्याशिवाय खिट्टीला हात पोचत नाही, आणि हँडल हातात आलं की जॅक आठवतोच.

साहेबांनी बूट पुसले, पैसे पूर्ण दिले. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, तर म्हणे किचन मस्त आहे पण वाऱ्याने शेगडी विझते, तीन बाजूंनी पत्रा लावून द्या.