न्यायाधीशांच्या यादीतला जन्मतारखेचा रकाना

बीड-परभणीकडची किती मुलं-मुली दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या पदाची तयारी करतात! त्यांनी ज्येष्ठता यादीतले तीन रकाने नीट वाचावेत: जन्मतारीख, रुजू तारीख, आणि नेमणूक बढतीनं की थेट भरतीनं. जिल्हा न्यायाधीश ६० व्या वर्षी निवृत्त होतात, उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. खालून चढत ५८ व्या वर्षी उच्च न्यायालयात पोचलेल्याच्या हाती चारच वर्षं उरतात. वकिलीतून ४७ व्या वर्षी गेलेल्याला पंधरा मिळतात. सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण पोचणार, ते बरंचसं इथंच ठरतं.

याच यादीवरून महिला न्यायाधीशांची टक्केवारी काढताना मंजूर पदांनी भागू नका, प्रत्यक्ष कार्यरत न्यायाधीशांनी भागा. नाहीतर रिक्त जागांमुळे महिलांचं प्रमाण आहे त्याहून कमी दिसतं.

तसं ते कमीच आहे. सर्वोच्च न्यायालय १९५० चं, पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी आल्या १९८९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानं कनिष्ठ स्तराच्या नव्या भरतीला तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. माझ्या मते याचा फटका मुलींनाच जास्त बसेल. तालुक्याच्या कोर्टात सुरुवातीला कमाई जेमतेम, आणि घरी लग्नाची घाई नेमकी त्याच वर्षांत.