तेझे: घंटा झाली की काम थांबतं

फ्रान्सच्या बरगंडी भागात, क्लुनीपासून जवळच, तेझे हे टेकडीवरचं लहानसं गाव आहे. तिथे ख्रिस्ती बंधूंचा, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्या साधूंचा मठ आहे. उन्हाळ्यात तिथे प्रार्थनेसाठी आठवड्याला हजारो तरुण येतात. स्वयंपाकाला मदत, वाढप, भांडी, संडासांची सफाई, नव्या पाहुण्यांची व्यवस्था, सगळं हीच मुलं करतात. आणि दिवसातून तीनदा घंटा झाल्या की हातातलं काम तसंच ठेवून चर्चकडे निघतात.

हा मठ सुरू करणारे ब्रदर रोजे हे मूळचे स्वित्झर्लंडचे. 1940 मध्ये, युद्ध चालू असताना, पंचविशीतला हा तरुण सायकलवरून इथे आला, एक घर घेतलं आणि निर्वासितांना आसरा दिला. त्यात ज्यू लोकही होते. 1949 च्या ईस्टरला पहिल्या सात जणांनी आयुष्यभराचं व्रत घेतलं. आज इथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बंधू एकत्र राहतात. ते देणग्या घेत नाहीत. एखाद्या बंधूला वारशाने काही मिळालं तर तेही गरिबांना जातं. मातीची भांडी घडवायची, पुस्तकं काढायची, त्यावरच त्यांचं चालतं. प्रार्थना करणाऱ्याने आपल्या हातांनी कमवून खावं, हे ते इतकी वर्षं पाळत आले आहेत, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

मला भांडी घासायचं काम मिळालं. गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या, ढीगभर वाडगे, कोपरापर्यंत फेस. शेजारी एक पोलिश मुलगी विसळत होती. तिला इंग्रजी बेताचं, मला पोलिश अजिबात येत नाही. पण वाडगे हातातून हातात जात होते आणि मध्येच कुणीतरी गाणं धरलं की सगळे उचलून घेत. दुपारच्या प्रार्थनेला आम्ही ओल्या बाह्यांनीच जाऊन बसलो. चर्चमध्ये खुर्च्या जवळपास नाहीत, जमिनीवरच बसायचं. समोर मेणबत्त्या आणि केशरी कापडाचे उंच पडदे, मधोमध पांढऱ्या झग्यातले बंधू. एक-दोन ओळींचं गीत भजनातल्या पालुपदासारखं घोळत राहतं आणि मग आठ-दहा मिनिटं पूर्ण शांतता. नगरकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं गात वाढलेल्या मला हे गाणं लगेच आपलं वाटलं, शांततेची मात्र सवय करावी लागली. काम करून आलं की ती सवय लवकर होते. अंग दमलेलं असतं, मन भटकत नाही.

म्हणून जाणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की काम मागून घ्या. नुसतं प्रार्थनेला हजर राहून परतणाऱ्याला तेझे अर्धंच कळतं. शक्यतो रविवार ते रविवार राहा. शुक्रवारी रात्री क्रुसाभोवतीची प्रार्थना आणि शनिवारी रात्री सर्वांच्या हातात पेटलेल्या मेणबत्त्या, हे आठवडाभर राबल्यावर बघावं.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून मॅकॉन-लोशे स्टेशनपर्यंत टीजीव्ही ही वेगवान रेल्वे आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. पुढे बस. तिचं वेळापत्रक बघूनच गाडीचं तिकीट काढा. भारतातून निघणार असाल तर शेंगेन व्हिसाचं काम खूप आधी हातात घ्या. नोंदणी आधी करावी लागते. मुक्काम मुख्यतः 15 ते 35 वयाच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठ्यांना आणि कुटुंबांना वेगळ्या अटी आहेत, त्या नोंदणीआधीच वाचा. पैसे थोडे लागतात, रक्कम वयावर आणि देशावर ठरते.

झोपायची पिशवी, टॉर्च, रेनकोट आणि चिखलात चालतील असे बूट घ्या. जेवण साधं, आपल्या जिभेला सपक, आणि हाताशी एकच चमचा असतो. चहा कान नसलेल्या वाडग्यात मिळतो. शाकाहारी असाल तर पोचल्याबरोबर सांगा. लोणच्याची छोटी बरणी जवळ असू द्या, पंगतीत फिरवली की ओळखी होतात.

लॅपटॉप नेऊन तिथूनच ऑफिसचं काम करायचा बेत असेल तर तो सोडा, रीतसर रजा टाका. दिवस तीन प्रार्थना, बायबल अभ्यास आणि वाट्याचं काम यांत पुरता भरलेला असतो. पहिले दोन दिवस खांदे दुखतील. तरी काम बदलून मागू नका, कारण तिसऱ्या दिवशी टाकीपाशी सगळे एकमेकांना नावाने हाक मारायला लागतात.